लाइट गेली की परदेश

आमच्या सेंटरची लाइट किती वेळा जायची ते विचारू नका. पण ती जितक्यांदा गेली तितके किस्से साठले, एवढं नक्की. लाइट नीट असती तर आम्ही निमूट टायपिंग केलं असतं आणि आज माझ्याकडे सांगायला काहीच नसतं!

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. केजला तहसील कचेरीच्या पुढे शिवलिंगअप्पांचं कापडाचं दुकान. "देश खुला झालाय म्हंत्यात, मग आपला माळा तरी बंद कावून ठिवायचा?" म्हणून त्यांनी वरती तीन कॉम्प्युटर मांडले. परदेशातल्या एका पुस्तक कंपनीच्या जुन्या याद्या पुण्याहून कुरिअरने यायच्या. त्या टाइप करायच्या, फ्लॉपीत भरायच्या आणि परत पाठवायच्या. आम्ही तिघं होतो. मी, तेलगावची शोभा आणि केजजवळच्याच एका वाडीचा दत्ता.

एकदा यादीबरोबर तिकडच्या मॅडमची चिठ्ठी आली. आमची काही माणसं आता ऑफिसात येतच नाहीत, आवडेल त्या शहरात राहतात आणि तिथूनच काम पाठवतात, असं तिने लिहिलं होतं. खाली सहज विचारलं होतं, तुम्हाला कुठे राहून काम करायला आवडेल?

अप्पांनी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. "कावून विचारती बे ही? नेती का काय?"

तेवढ्यात लाइट गेली. दत्ताने पिशवीतून शाळेतला जुना ॲटलास काढला, आम्ही गॅलरीत बसलो आणि परदेशी निघालो.

*

पहिला नंबर सिंगापूरचा. ते शोभाचं लाडकं. "अप्पा, लई स्वच्छ गाव हाय! रस्त्यावर थुकलं की धरूनच नेत्यात!"

अप्पांच्या तोंडात पान होतं, त्यामुळे लगेच काही बोलता येईना. ते गॅलरीच्या टोकाला गेले, खाली कुणी नाही असं बघून पिंक टाकली आणि परत येऊन बसले.

"सिंगापूर कट!"

*

माझं लिस्बन. का, ते सांगता येणार नाही. नावच आवडलं. समुद्र मी पाहिलेला नव्हता, मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण. तर त्या धरणाला पलीकडचा काठच नाही असं समजायचं. त्याच्यासमोर आपली गॅलरी, आपला कॉम्प्युटर, आणि खालून सावकाश जाणारी ट्राम. दुपारी डोळे मिटले की मला तिकडचा वारा लागायचा. खरंच लागायचा! अप्पा एकदा मला शाल आणू का विचारत होते.

आठ दिवसांनी शोभाने ॲटलास उन्हात धरला. "तुजं लिस्बन एवढं मोठं कावून दिसतंय ठाव हाय का? शाईचा डाग हाय तो!"

डागाखाली गाव होतंच की. मी हट्ट सोडला नाही.

*

दत्ताची पद्धत वेगळी. त्याने वहीत रकाने आखले: पाणी किती लांब, सावली, सरपण, दवाखाना, शाळा. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. कारखान्यावर गेलं की पाल ठोकण्याआधी बायका जागा पारखतात ती याच पाच गोष्टींवर. दत्ता लहानपणी सहा सहा महिने त्यांच्याबरोबर असायचा. त्यामुळे लंडन असो की टोरोंटो, तपासणी तीच!

"पॅरिसला सरपण कुटं मिळतं?"

"गॅस असतो रे तितं," शोभा म्हणाली.

"समद्यांना?"

"समद्यांना."

"पालावर बी?"

अप्पाच म्हणाले, "असंल की. पॅरिस हाय त्ये."

दत्ताने सरपणाच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि ती पुन्हा एकदा ठळक गिरवली.

*

त्याचं खरं दुखणं मात्र घरी होतं. आईचे गुडघे गेले होते आणि या साली तिला ऊसतोडीला जाऊ द्यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. आई ऐकेना.

"मला काम लागलंय, आई."

"सकाळी जीपमदी जातूस, सांजच्याला घरला येतूस. ह्याला काम म्हंत्यात व्हय? काम म्हंजी गाव सोडाय लागतं!"

"आगं, फॉरेनचं काम हाय!"

"मग फॉरेनला कावून जाईनास?"

हे त्याने आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. दत्ता हसला नाही. मग आम्हालाच लाज वाटली.

*

दिवाळी झाली आणि टोळी निघाली. मुकादमाकडून या साली दत्ताच्या घरच्यांनी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली नव्हती, तरी दोघं ट्रॅक्टरवर चढलीच. केजला ट्रॅक्टर आमच्या दुकानासमोर थांबला आणि दत्ताची आई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून वर आली. "बघू तरी, कुटं बसतूस."

लाइट नेमकी गेलेली! तिने एका कॉम्प्युटरला बोट लावून बघितलं. "बंद पडल्यात."

दत्ता उगाच वायरी हलवून बघू लागला. अप्पांनी स्वतःची गादीची खुर्ची पुढे केली. "बसा अक्का, येती लाइट." वेळ निघावा म्हणून शोभाने दत्ताची वही काढून एकेक शहर वाचून दाखवलं. आई मन लावून ऐकत होती. प्रत्येक गावाला तिचा एकच प्रश्न, "आन् पानी?"

"घरातच नळ, मावशी."

"बरं हाय."

लिस्बन तिलाही आवडलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

खाली हॉर्न वाजला. आई उठली, आणि तेवढ्यात वरचा पंखा फिरायला लागला. दत्ताने घाईने कॉम्प्युटर लावला, यादी समोर घेतली आणि टाइप करायला बसला. आई त्याच्या पाठीशी उभी राहिली.

"हे कुटल्या गावचं?"

"लई लांबचं, आई. समुद्राच्या पल्याडचं."

"आन् त्यायनी तुला तिकडं बोलावलं न्हाई?"

"न्हाई."

"हितंच बसून करायचं?"

"हितंच बसून."

"सांजच्याला घरी?"

"रोज."

हॉर्न पुन्हा वाजला. आई गॅलरीत गेली, कठड्यावरून वाकली आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या दत्ताच्या वडलांना मोठ्याने हाक मारली,

"अवो! गठुडं खाली घ्या! दोघांचं बी!"