उज्वलाताईंचा सातवा नकाशा

उज्वलाताई गेली एकवीस वर्षं वर्ध्यात वासुदेवरावांच्या आर्किटेक्ट ऑफिसात नकाशे काढतात. आधी टेबलावर कागद पसरून काढायच्या, आता कॉम्प्युटरवर. खाली सही वासुदेवरावांची असते. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. सकाळी बोरगाव मेघेहून स्कूटीनं यायचं, दिवसभर रेघा मारायच्या, मान धरली की उठून चहा घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी बापूराव नावाचे जमीनमालक ऑफिसात आले. भाजीबाजाराच्या रस्त्यावर त्यांची मोकळी जागा होती. खाली दुकानं आणि वर दोन मजले गाड्यांसाठी, अशी इमारत त्यांना हवी होती. जागेच्या तोंडाशी चौदा बाया भाजी घेऊन बसत.

"त्यांचंही पाहा," बापूराव म्हणाले. "उगाच बोंबाबोंब नको."

हे वाक्य उज्वलाताईंनी जरा जास्तच मनावर घेतलं. त्यांचं माहेर समुद्रपूरकडचं, भाजी पिकवणारं. टेप घेऊन त्या तीन दिवस बाजारात गेल्या. ऊन कुठून येतं, माणसं कुठं थबकतात, सगळं मोजलं. देवळीहून पहिल्या एसटीनं वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन येणाऱ्या कुसुमबाईंना त्यांनी कागद दाखवला. बायांसाठी अडीच फूट उंचीचे ओटे काढले होते.

"येवढ्या उंच काऊन बसवतं व मले?" कुसुमबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक इथं टेकते, सांबार निवडता निवडता घरच्या दोन गोष्टी सांगते, अन् वांगेबी घेऊन जाते. उंच केलं तं उभ्याउभ्याच भाव इचारून निघून जाईन."

उज्वलाताईंनी ओटे गुडघ्याइतके केले, गिऱ्हाइकाला टेकता येईल असे रुंद. वर आठ फुटांचा छज्जा, मागं दुकानं, आणि गाड्यांचा रस्ता मागच्या गल्लीतून. वासुदेवराव नकाशा पाहून "छान जमलंय" म्हणाले. असं ते क्वचितच म्हणत.

बापूरावांना गाड्या पुढूनच आत जायला हव्या होत्या. गाड्या वर नेणारा चढाव पुढं आणायचा म्हणजे सगळे खांब हलवायचे, जिना हलवायचा. उज्वलाताईंनी ते हलवले. मग दुकानं मोठी हवी झाली. मग पुन्हा लहान, पण संख्येनं जास्त. पाचव्या नकाशाला बापूराव म्हणाले, "मॅडम, ते ओटे वरच्या मजल्यावर टाका. लिफ्ट देऊ."

"पावभर मिरच्यांसाठी वर कोण चढन जी?"

बापूराव हसले. "तुम्ही नकाशा काढा ना."

सातव्या नकाशापर्यंत उज्वलाताईंनी वाद घालणं सोडलं होतं; ओटे वरच्या मजल्यावर गेले. घरी जाऊन जेवण वाढतानाही त्यांना कुणाशी बोलावंसं वाटत नसे. फक्त छज्जा त्यांनी कमी होऊ दिला नाही. दुकानांच्या शटरवर ऊन येणार नाही, असं सांगितलं, आणि ते खरंही होतं.

इमारत झाली. बाया वरच्या ओट्यांवर नऊ दिवस बसल्या आणि खाली आल्या. उज्वलाताई पाहायला गेल्या तेव्हा छज्ज्याखाली दहाच जणी होत्या. चौघी परतल्या नव्हत्या. एक आता गल्लोगल्ली गाडा फिरवते. बाकी तिघींचं कुणाला धड माहीत नव्हतं. चढावानं बायांच्या रांगेचे दोन तुकडे केले होते.

"हे तूनंच काढलं व?" कुसुमबाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे... सगळं नाई."

"ऊन नाई लागत आता, हे बरं झालं. पण गाडी आली का टोपलं उचला लागते. दिवसातून किती डाव उचलू, सांग."

उज्वलाताई तिथंच फरशीवर टेकल्या. एक पांढरी गाडी हॉर्न वाजवत वळली, तसं त्यांनी टोपल्याचा एक कान धरला, कुसुमबाईंनी दुसरा. गाडी वर गेली. पुन्हा टोपलं खाली ठेवलं.

सोमवारी वासुदेवरावांनी नवं काम पुढं ठेवलं. समुद्रपूरला, एसटी स्टँडजवळ, दुकानं आणि पार्किंग.

"करता का?"

"करतो," उज्वलाताई म्हणाल्या. "पण सर, गाड्या कुठून येतील ते मालकाकडून पहिले लिहून घ्या."

लिहून काही आलं नाही. बुधवारी दुपारी त्यांनी नकाशा काढायला घेतला.