गुंड्यानं काय खाल्लं?

जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्याचा मालक खोटं बोलतो, हे हेमावतीअक्कांचं ठाम मत आहे आणि ते त्यांनी फुकट कमावलेलं नाही. धारवाडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं अटेंडरची नोकरी केली. डॉक्टर आले, बदलून गेले. शिंगं धरायला आणि जबडा आवळायला अक्का होत्याच. मनगटावर कुत्र्याच्या दाताची खूण आहे, पण कुत्र्यांवर त्यांचा राग नाही. अळणावरकडचा शेतकरी बैल घेऊन यायचा आणि "बाई, माझंच चुकलं, फवारलेलं गवत घातलं" म्हणून मोकळा व्हायचा. शिकलेला माणूस मात्र "काहीच खाल्लं नाही हो, एकाएकी झालं" म्हणायचा, आणि डॉक्टर अंधारात चाचपडत बसायचे. अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण अटेंडरनं तोंड उघडायचं नसतं.

आता त्या निवृत्त होऊन उणकलला राहतात आणि तोंड उघडतात.

त्या रविवारी दुपारी शेजारच्या विठ्ठलरावांची सून वेदश्री धावत आली. विठ्ठलराव म्हणजे हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते. त्यांचा आठ किलोचा पांढरा कुत्रा गुंड्या सकाळपासून उलट्या करत होता. अक्का गेल्या. कुत्रं थरथरत होतं, एका जागी ठरत नव्हतं, पाणी प्यायलं की तेही बाहेर. छातीला हात लावला तर धडधड मोजता येईना. फरशीवरची उलटी तपकिरी होती आणि वासही ओळखीचा होता.

"काय खाल्लं यानं?" अक्कांनी विचारलं.

"काय तर बाहेरचं खाल्लं असंल," सर म्हणाले. त्यांच्या हातात मिठाच्या पाण्याचा पेला होता. "हे पाजलं की सगळं पडून जाईल."

"ठेवा तो पेला खाली! आधीच ओकून ओकून कोरडं पडलंय ते, वर मीठ घालून मारता काय? दूध नको, ताक नको, हळद नको. तोंडात काही ओतायचं नाही. रिक्षा बोलवा."

वेदश्री सासऱ्यांकडे बघत होती आणि सर देवघराकडे. अक्कांनी सरळ कचऱ्याचा डबा उपडा केला. निर्माल्याखाली चॉकलेटचं चकाकतं वेष्टन निघालं. चॉकलेट काळं, कडू, परदेशी, कुत्र्याला हेच सगळ्यात घातक.

मग वेदश्रीनं सांगून टाकलं. घराण्याचा देव मैलार, म्हणजे आपला खंडोबा, आणि कुत्रं त्याचं. घरात नवं काही आलं की आधी देवापुढं, मग पहिला घास कुत्र्याला, मग माणसांना. गूळ असो, आंबा असो, चार पिढ्यांची रीत. दुबईहून मुलानं चॉकलेट पाठवलं, तेही सरांनी देवापुढं ठेवलं आणि अर्धी पट्टी गुंड्याला घातली. "मी नको म्हटलं होतं, अक्का. मामंजी म्हणाले, प्रसाद बाधत नसतो."

"किती वाजता?"

"नऊला."

अक्कांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते. त्यांनी वेष्टन कमरेला खोचलं, गुंड्याला टॉवेलात गुंडाळलं आणि सरांना दंडाला धरून रिक्षात बसवलं. हेडमास्तरांना असं कुणी धरल्याचं गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी कानडीत विचारलं, "एन तिंदैती री?" काय खाल्लंय?

सर भिंतीवरचा तक्ता वाचत राहिले. इतकं वाचन त्यांनी निवृत्तीनंतर केलं नसेल. अक्कांनी वेष्टन टेबलावर आपटलं.

"सर, सांगा."

"अक्का, देवाच्या प्रसादाला मी विष कसं म्हणू?"

"विष म्हणू नका. चॉकलेट म्हणा! किती घातलंत आणि कधी, एवढंच. त्यावर औषध ठरतं. खरे हेळ्री, खरं सांगा, सर, पोरांना हेच शिकवलंत ना जन्मभर?"

सरांनी चष्मा काढला. "अर्धी पट्टी. नऊ वाजता. माझ्या हातानं."

डॉक्टरांनी वेष्टनावरचं वजन वाचलं, कुत्र्याचं वजन केलं, आणि मग मात्र भराभर हात चालले. उलटी थांबायचं इंजेक्शन, सलाइन, छातीला तारा. उलटी थांबल्यावर पोटातलं विष शोषून घेणारं कोळशाचं औषध. उद्या सकाळपर्यंत इथंच ठेवा, हृदयावर लक्ष ठेवायला हवं, म्हणाले. गुंड्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला, आणि संध्याकाळी भात खाल्ला.

पुढच्या रविवारी सर पेढ्याचा डबा घेऊन अक्कांच्या दारात उभे. "घ्या प्रसाद. मैलारानं राखलं हो."

अक्कांनी पेढा कपाळाला लावला. तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "राखलं, खरंच राखलं. पण सर, मैलारानं तुम्हाला गप्प बसा म्हटलं नव्हतं. ते मुकं जनावर तीन तास तडफडत होतं, आणि तुम्ही देवाला पुढं करून त्याच्या मागं लपलात."

पेढ्याचा डबा तसाच हातात धरून सर पायरीवर उभे राहिले, आणि अक्कांनीही त्यांना आत या म्हटलं नाही.