फिका गुलाबी

नाकतोडा उडायला लागला की पहिली काही मिनिटं रक्तातल्या साखरेवर काढतो. मग मेंदूमागची एक ग्रंथी, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, रक्तात हार्मोन सोडते आणि अंगात साठवलेली चरबी मोकळी होऊन पंखांना मिळू लागते. तासन्‌तास उडतो पठ्ठ्या. एमएस्सीला हे वाचून मी थक्क झाले होते. चारकोपला आमच्या बिल्डिंगचे तीन मजले चढले तरी मला धाप लागते.

प्रोजेक्टला मी हाच विषय घेतला. गोराईच्या गवतातून नाकतोडे आणायचे, निम्म्यांना त्या ग्रंथीचा अर्क टोचायचा, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दीड तासाने पायाच्या सांध्यातून रक्ताचा थेंब काढून त्यात रसायन घालायचं. चरबी जितकी जास्त, तितका रंग गडद गुलाबी. अर्कवाले गडद आणि पाणीवाले फिके आले की झालं.

माझे सगळेच गडद. महिनाभर तेच. सबमिशनला तीन आठवडे राहिले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "फरकच नाही तर सबमिट काय करणार? पुढच्या वर्षी बस." माझी पार वाट लागली होती. मी अर्काला, रसायनाला, मशीनला, सगळ्यांना शिव्या घालत होते.

आमचे लॅब अटेंडंट काका मालवणकडचे. बेसिनपाशी नळ्या धुताधुता म्हणाले, "चेडवा, मशीनीक कित्याक गाळी घालतंस? तू तेंका पिंजऱ्यात पळवतंस. भियालो की तो आपलीच चरबी काढतलो."

माझं डोकंच फिरलं. एमएस्सी मी करत होते की हे? पण त्याच संध्याकाळी पुस्तक उघडलं तर तेच. जीव घाबरला तरीही हे हार्मोन सुटतं. पाणीवाल्यांचा रंग मीच चढवला होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी पंखा बंद केला, पिंजऱ्यात हात घातला आणि अर्धा तास तो हलवलाच नाही. नाकतोडे आपणहून हातावर चढले. एकजण तर त्यांचं नख कुरतडत बसला. मग काकांनी इतक्या सावकाश सुई लावली की त्याला पत्ताही लागला नाही. मी आठवडाभर तसं करून पाहिलं. माझ्या अंगात मुळात स्वस्थपणाच नाही, नाकतोड्यांना ते कळायचं. शेवटी म्हटलं, "काका, तुम्हीच काढा ना." सगळे नमुने काकांनी काढले. पाणीवाल्यांचा रंग इतका फिका आला की मी नळी उजेडात धरून बघतच राहिले. काय हात होता तो!

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझा तक्ता दोनदा पाहिला. म्हणाले, "इतके स्वच्छ आकडे विद्यार्थ्यांकडून येत नाहीत. नमुने कोणी काढले?"

काका चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभे होते.

"मी काढले, सर."

काकांनी कप टेबलावर ठेवले आणि गेले. मी बाहेर आले तर काका पॅसेजमध्ये थांबलेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"बरा केलंस," ते म्हणाले. "माझा नाव घेतलंस असता तर तुझा वर्स गेला असता." हे त्यांनी इतकं मनापासून म्हटलं की मला एकदम हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला अजून लाज वाटते.