दुपारी आबाजींना नेणारा माणूस

देवावर माझा विश्वास पहिल्यापासून आहे, माणसांवर मात्र नाही. दूध नासलं तरी मी आधी दूधवाल्याकडे बघते, असं घरचे मला चिडवतात, आणि ते खोटं नाही. त्यामुळे दिवाळीनंतर सौंदडजवळच्या आमच्या गावी गेले आणि आबाजींना रोज दुपारी कुणी परका माणूस हात धरून घेऊन जातो हे ऐकलं, तेव्हा माझा संशय लगेच जागा झाला.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. आई-वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. दोन वर्षांपासून त्यांना विस्मृतीचा आजार आहे. आता मी समोर गेले की ते मला दवाखान्यातली बाई समजतात आणि निमूटपणे हात पुढे करतात. त्यांचं सगळं एकटी काकू करते, आणि ती पार थकली आहे. माझी शिक्षिकेची नोकरी दूर शहरात, म्हणून मी नागपूरच्या एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. येत्या सोमवारी त्यांना न्यायचं होतं. मन मात्र तयार होत नव्हतं. महादेवाला मी अकरा सोमवार बोलले होते, की आबाजींनी एकदा मला नावानं हाक मारली तर मी त्यांना कुठंच नेणार नाही. दहा सोमवार झाले होते. देवाशी असा सौदा करताना मला लाजही वाटली नव्हती.

काकूला त्या माणसाचं नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं. तो पलीकडच्या टोलीवरचा, गावाबाहेरच्या वस्तीतला होता. महिन्याभरापूर्वी आबाजी भटकत सडकेवर गेले होते, तेव्हा त्यानं त्यांना घरी आणून सोडलं. तेव्हापासून तो रोज येतो आणि काकूला दोन घटका झोप मिळते, एवढंच तिला माहीत. माझ्या डोक्यात मात्र शेत, सातबारा, कोरे कागद असं सगळं फिरू लागलं. फुकट कोण कुणाचं करतं? त्या दिवशी आबाजी परत आले तेव्हा मी त्यांचा अंगठा उजेडात धरून बघितला. शाई नव्हती. पण तळहातावर ओरखडे होते आणि धोतराचा सोगा ओला होता. म्हातारपणी यांच्याकडून कामं करून घेतो की काय, या विचारानं माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले. धान कापणी चालू होती. धानाच्या एका बांधीच्या कडेला पळसाखाली तो माणूस तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भिजवून आबाजींपुढे ठेवत होता, आणि आबाजी भारे बांधायचे बंध वळत होते. घरी ज्यांना सदऱ्याची गुंडी लागत नाही, त्यांचे हात झरझर चालत होते. तरीही मी त्या माणसाला फटकारलंच. यात तुमचा काय फायदा, असं तोंडावर विचारलं.

तो रागावला नाही. म्हणाला, "माह्या बापालेबी हेच झालं होतं, बाई. आमी त्याले खाटेले बांधून ठेवत होतो. मेला तवा मनगटाले वण होते. तुमचे आबाजी सडकेवर दिसले, तं मले बापच दिसला."

कुठंतरी बसायचं म्हणून मी आबाजींजवळ बसले आणि तणसाची एक जुडी उचलली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून पीळ कसा धरायचा ते दाखवलं. लहानपणी त्यांनी मला शेतातल्या कामाला कधी हात लावू दिला नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "घरी कोन आहे वो तुह्या?"

"आजोबा आहेत," मी म्हणाले.

"मंग त्याले एकटा सोडू नोको. म्हाताऱ्या मानसाले भेव लागते."

आबाजींना कशाची भीती वाटते, हे जन्मात कधी मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी तिथंच रडले. हे महादेवानं केलं की त्या टोलीवरच्या माणसानं, याचा शोध मी घेत नाही. मी नाव मागत बसले होते, आणि जे मागायचं मला सुचलंही नव्हतं ते पदरात पडलं.

सोमवारी मी देवळात गेले ती फक्त डोकं टेकवायला. मग नागपूरला फोन करून सांगितलं, की ती जागा दुसऱ्या कुणाला द्या, आणि शाळेत रजेचा अर्ज पाठवला.