सिनेमातलं उघडं दार

विशाखापट्टणमला आम्ही निवृत्त मराठी नौसैनिक रविवारी सकाळी चहाला जमतो आणि जहाजांवरच्या सिनेमांना शिव्या घालतो. आज कदमांनी नवा सिनेमा धरला.

"अरे, कप्प्यात पाणी भरतंय आणि हा हीरो मित्रासाठी दार उघडं धरून उभा! अख्खं जहाज बुडवशील की, गाढवा!"

सगळे खदखदून हसले. खरंच आहे. पाणी शिरलं की आत कोण राहिलं ते न बघता दार लावायचं, हे आमच्या हाडांत मुरलेलं.

माझ्या शेजारी सावंत मात्र बशीकडे बघत होते. तरुणपणी हुकूम सुटल्यावरही त्यांनी असंच एक दार चार श्वास उघडं ठेवलं होतं, माझ्यासाठी. हे आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. नियम बरोबर होता आणि मी जिवंत आहे. या दोन गोष्टी एका मनात कशा मावायच्या, ते आठवीत शाळा सोडलेल्या मला अजून उमगलेलं नाही.

"सावंत, तुम्हीच सांगा, असल्या माणसाचं काय करायचं?" कदमांनी विचारलं.

सावंतांनी कप बशीत ठेवला आणि मान वर केली.

"मला आवडला तो सिनेमा," मी घाईघाईने म्हणालो. "दोनदा पाहिला."

"तुला काय कळतंय, आठवीवाल्या!" एकच गलका झाला. सगळे माझ्यावर तुटून पडले, आणि सावंतांचं उत्तर ऐकायचं राहून गेलं.