मधल्या सुट्टीतली कादंबरी

मास्तर माणूस जन्मभर शिकवतो आणि शेवटी लक्षात काय राहतं? मधल्या सुट्टीत काय बोललो ते! माझ्याकडे तर पोतं भरलंय. आज फक्त कादंबरीच्या दिवसांतले किस्से ऐका.

निजामाच्या राज्यात, वसमतच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. इंग्रजीचे रंगनाथराव हैदराबादहून एक जुनी इंग्रजी कादंबरी घेऊन आले. दर बाजारच्या दिवशी, मधल्या सुट्टीत ते ती मराठीत सांगायचे. एक श्रीमंत, गर्विष्ठ तरुण. एक हुशार मुलगी. पहिल्याच भेटीत तो तिला कमी लेखतो, ती त्याला कायमचा वाईट ठरवते. झालं! मास्तरांच्या दोन पार्ट्या पडल्या.

*

त्या मुलीची आई पोरींच्या स्थळांमागे धावत सुटते, त्यावर आम्ही पोट धरून हसलो. फारसीचे मौलवीसाहेब हसले नाहीत.

"हंसो नक्को! मेरे घर में भी चार बेटियां हैं. उस मां की अक्कल कम नहीं, नींद कम है!"

पुन्हा त्या बाईला कुणी हसलं नाही.

*

पहिलं प्रकरण मी घरी बायकोला सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "यांचं लगीन होणार."

"तुला काय माहीत?"

"तुमी कळमनुरीला मला बघायला आलात, तवा 'पोरगी सावळी हाय' म्हणालात. मी दाराआड होते."

"मग होकार काहून दिलास?"

"म्हटलं, परत ऐकवायला आख्खा जन्म मिळतो!"

*

कुरुंदा गावचा शेतकरी ग्यानबा बाजाराला आला की खिडकीबाहेर बसून कादंबरी ऐकायचा. गणिताचे व्यंकटराव म्हणायचे, "याला काय कळतंय यातलं?"

एकदा रंगनाथरावांची पुस्तकातली खूण हरवली. मागं कुठं थांबलो, कुणालाच आठवेना. खिडकीतून आवाज आला, "पोरगी त्याची चिठ्ठी हातात घेऊन हुबी हाय. वाचायला भेऊन राहिली."

"भिते काहून?" व्यंकटरावांनी विचारलं.

"खरी निघाली तर आपलं चुकलं म्हनावं लागंल नं, मास्तर!"

व्यंकटरावांनी स्वतः उठून त्याला आत बसवलं.

*

हेच व्यंकटराव रस्त्यात समोरून आले तरी ओळख दाखवायचे नाहीत. आम्ही त्यांना 'नवाब' म्हणायचो. एकदा हेडमास्तर नांदेडला गेले होते, त्यांच्या खोलीत त्यांचा कोट खुंटीवर टांगलेला. व्यंकटराव आत आले, कोटाला नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, परवा रजा पाहिजे होती." कोट गप्प! "आभारी आहे," म्हणून हे बाहेर.

म्हणजे माणसाला गर्व नव्हता, दिसतच नव्हतं!

मी म्हटलं, "अहो, चष्मा लावा की!"

"चष्मा? आमच्या घराण्यात आजवर कुणी लावला नाही!"

म्हणजे गर्व होताच!

*

कादंबरी संपली तेव्हा, आधी माफी त्यानं मागायची की तिनं, यावरून व्यंकटराव आणि मौलवीसाहेब असे भांडले की बोलणंच बंद. कित्येक वर्षं एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून!

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. गावात कुजबुज, मुसलमान दिसला की संशय. मौलवीसाहेबांनी आतून कडी लावली, आठ दिवस बाहेर पडले नाहीत. आम्ही सगळे नुसतं "जायला पाहिजे, जायला पाहिजे" म्हणत राहिलो.

गेले ते व्यंकटराव. दार वाजवलं.

"कौन?"

"मी. व्यंकटराव."

मग कडी निघाली.

मी तेव्हा बाजारात होतो. बघतो तर व्यंकटराव मौलवीसाहेबांचा हात धरून भर रस्त्यातून चाललेले. दुकानांवरची बोलणी थांबली. एकानं विचारलं, "गुरुजी, यांना घेऊन कुठं निघालात?"

"शाळेत!" व्यंकटराव न थांबता म्हणाले. "आमाला उशीर होऊन राहिला."

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.