खालची जागा

सोफ्यावर ते नेहमी कडेला बसायचे. सोफा अख्खा रिकामा असला तरी. "अहो, नीट ऐसपैस बसा की," असं म्हटलं तर पंजाने शेजारची गादी थोपटून म्हणायचे, "जागा ठेवावी. कुणी आलं तर?" आमच्याकडे त्या वेळी कुणीही येणार नसायचं. तरी ते उठेपर्यंत ती गादी राखीव राहायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या इंदिरानगरातल्या गल्लीत हे एक होते. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, माझ्या कुंपणाला लागून बंगला, आणि माझं नाव ठाऊक असूनही मला कायम "शेजारी" म्हणणारे. प्रवासाची बॅग ते कधी गच्च भरत नसत. दारात स्कूटर लावली तर तिच्या बाजूला दुसरी मावली पाहिजे. काकू वैतागायच्या. म्हणायच्या, "यांच्या कपाटात एक कप्पा रिकामा आणि माझ्या साड्या खुर्चीवर."

अशा माणसाला त्याच्या मुलाने सांगितलं, की तुमच्याकडे जागा नाही.

मुलगा पुण्याला. सकाळी यायचा, जेवायचा, ऊन उतरलं की निघायचा. एकदा काकूंनी राहा म्हणून फारच आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, "राहिलो असतो गं, पण रात्री गाडी कुठे लावू? रस्त्यावर नको वाटतं. मागे त्या कोपऱ्यावरच्यांची काच फोडली ना कुणी." यात खोटं काही नव्हतं. बंगल्याच्या कडेच्या पत्र्याच्या गॅरेजात त्यांची जुनी गाडी होती आणि दुसरी तिथे मावत नव्हती. मी कुंपणापाशी झाडांना पाणी घालत होतो. ते मागेच उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि नळी बंद करून घरात गेलो. बघवेना.

जुनी गाडी विकून टाका, असं मी त्यांना सरळ सुचवलं. तिचं दार लागायला दोनदा आपटावं लागायचं, तरी दर रविवारी आंघोळ. मुलगा लहान असताना वणीला जाताना तिच्याच मागच्या सीटवर झोपायचा. ते म्हणाले, "एकाला उठवून दुसऱ्याला बसवायचं? ती काय जागा झाली, शेजारी?"

मग एके दिवशी मोबाइल घेऊन आले. कुठल्याशा परदेशातलं गॅरेज होतं. एक गाडी लोखंडी फळीवर चढून वर गेली आणि तिच्याखाली दुसरी येऊन उभी राहिली. "एक वर, एक खाली. कुणाला उठवायला नको," ते म्हणाले. इतकं खूश मी त्यांना निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं.

त्यानंतरचे कितीतरी दिवस आमच्या चहाबरोबर लिफ्टच होती. दोन खांबांची घ्यावी की चार? दोन खांबांची आटोपशीर, पण तिचं सगळं ओझं दोनच जागी आणि पाया खोल. चार खांबांची आपल्या पायांवर उभी राहते. शेवटी चार खांब ठरले. मुलगा पुढच्या खेपेला आला आणि जेवायला बसला, तेव्हा हे टेप घेऊन बाहेर. त्याच्या गाडीची उंची घेतली, लांबी घेतली. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार पूर्ण उघडून टोकापर्यंत टेप धरला.

"दाराचं माप कशाला?" मी विचारलं.

"गाडी आत गेली आणि माणसाला उतरताच आलं नाही, तर काय उपयोग?"

अंबडहून लिफ्ट बसवणारा आला. त्याने गॅरेजभर फिरून बघितलं, कोपऱ्यातलं लोखंडी झाकण उचललं आणि म्हणाला, "काका, खाली तर पाण्याची टाकी हाय. एक पाय बरोबर टाकीवर येतोय. नाय जमणार. स्लॅब बसला तर गाडीसकट खाली." आमच्याकडे बंगला बांधताना टाकी पार्किंगखालीच घेतात, ती तिथे आहे हे माणूस विसरूनही जातो. बांधकाम खात्यात जन्म घालवलेला हा माणूस स्वतःच्या घरात विसरला होता. मी हसलो. ते हसले नाहीत.

"टाकी बुजवू," ते म्हणाले.

यावर काकूंनी जेवण सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. सकाळी येणाऱ्या नळाला जोर नसतो, पाणी आधी खालच्या टाकीत साठतं आणि मग पंपाने गच्चीवर जातं. खालची टाकी गेली म्हणजे ड्रम आणि बादल्या आल्या. काकू कुंपणापाशी येऊन मला म्हणाल्या, "जागा नाही म्हणून तो राहत नाही, असं नाही हो. वाईट नाही तो. रोज फोन करतो. पण त्याचं सगळं तिकडे लागलंय, इथे त्याला करमत नाही. मला कळतं. यांनाच कुणीतरी सांगा."

मी सांगितलं. भीत भीत, आडून आडून. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला काय कळत नाही?" ते म्हणाले. "कारण खोटं असेलही. तो नाही राहिला तर नाही राहिला. पण माझ्याकडे जागा नव्हती म्हणून नको."

टाकी बुजली. वरून जाड काँक्रीट पडलं, पत्रे उंच झाले, खांब उभे राहिले. दसऱ्याला लिफ्टला हार घातला, नारळ फुटला, आणि जुनी गाडी घूं घूं करत वर गेली. काकू ड्रमशेजारी उभ्या राहून तोंडाला पदर लावून बघत होत्या. हे खालच्या रिकाम्या जागेत जाऊन उभे राहिले. "काका, बाहेर व्हा आधी," लिफ्टवाला ओरडला.

दिवाळीला मुलगा आला. गॅरेजात मान वर करून बराच वेळ बघत राहिला. "बाबा, हे काय करून ठेवलंत? वरून तेलबिल गळलं तर? राहू दे माझी बाहेरच. संध्याकाळी निघायचंच आहे."

"हो हो, बरोबर आहे," ते म्हणाले. त्या दिवशी मला त्या पोराचा फार राग आला. अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या गाडीच्या पोटाखाली पत्र्याचा ट्रे बसवून घेतला. लिफ्ट अडकू नये म्हणून रोज सकाळी ती एकदा खाली घ्यायचे, एकदा वर. खालची जागा झाडायचे. कुठलीही गाडी वळून आमच्या गल्लीत शिरली की फाटकापर्यंत जाऊन यायचे. लिफ्टची घूं घूं ऐकत मी चहा प्यायला लागलो, इतकी तिची सवय झाली.

एका सकाळी ती ऐकू आली नाही. चहा झाला, पेपर झाला, तरी नाही. मग काकूंची हाक आली. ते झोपेतच गेले होते. पलंगाच्या अगदी कडेला.

मुलगा दुपारी पोचला. तोवर गल्ली दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरून गेली होती. खात्यातली माणसं, नातेवाईक, सगळे आले होते. तो गाडीतूनच मला म्हणाला, "काका, गाडी कुठे लावू?"

मी गॅरेजचं फाटक उघडलं.

गाडी आत गेली. वर जुनी गाडी, मध्ये ट्रे, खाली ही, बरोबर बसली. इंजिन बंद झालं. तो काचेतून बाजूचा खांब बघत तसाच बसून राहिला. मग दार खांबावर आपटू नये म्हणून त्याने कडेला हात धरला आणि ते हळूहळू लोटलं. दार पूर्ण उघडलं. खांब अजून थोडा लांबच होता.